बिडाचा ग्रिल पॅन: अवोकाडो बारसाठी घेतला होता, तीन पार्ट्यांनंतरचा अनुभव

चार महिने झाले हा पॅन घेऊन आणि तीन वेळा त्यावर पाहुण्यांसाठी ढीगभर अवोकाडो भाजून झाले, त्यामुळे आता लिहायला हरकत नाही. चौकोनी, २६ सेंमीचा, बिडाचा, वर उंच रेघा असलेला पॅन आहे. घेतला तो एकाच कामासाठी, मला घरी अवोकाडो बार करायचा होता. म्हणजे भाजलेल्या अवोकाडोच्या वाट्या आपण गरमागरम द्यायच्या आणि त्यात काय भरायचं ते ज्याचं त्याने टेबलावर ठरवायचं. पाचपैकी चार देईन. एक मार्क कापलाय तो पॅन वाईट आहे म्हणून नाही, माप चुकतं म्हणून, ते पुढे येईलच.

वाटी म्हणतेय ती नारळाची म्हणतो ना तशी, फळ उभं चिरून बी काढली की जी अर्धी बाजू उरते ती. साल काढायची नाही, सालच भांडं. कापलेली बाजू खाली करून तापलेल्या पॅनवर दोन ते तीन मिनिटं, बास. वर काळ्या-तपकिरी रेघा उमटतात, गर आतपर्यंत कोमट होतो आणि एक धुरकट खमंगपणा येतो जो न भाजलेल्या अवोकाडोला अजिबात नसतो. न भाजता खाल्ला की बऱ्याच जणांना तो सपक वाटतो, नुसतं लोणी खाल्ल्यासारखा, पण तोच भाजून वर मीठ आणि लिंबू पडलं की तेच लोक दुसरी वाटी मागतात, हे मी तिन्ही वेळा पाहिलं.

आता पॅन एवढा महत्त्वाचा का, तर अवोकाडोला उष्णता जास्त वेळ चालत नाही. १०० ग्रॅम गरात साधारण १५ ग्रॅम फॅट आणि ७३ ग्रॅम पाणी असतं, म्हणजे मंद आचेवर रेंगाळला तर पाणी सुटतं, गर लिबलिबीत होतो आणि वर कडवटपणा येतो. कडू झालेला अवोकाडो कशानेही सुधारत नाही, मी लिंबू, मीठ, चीज सगळं करून पाहिलंय. म्हणून काम झटपट व्हायला हवं आणि झटपट व्हायला पॅन खरोखर तापलेला हवा, आणि सहा थंड वाट्या एकदम टाकल्या तरी तापलेलाच राहायला हवा. इथे बीड जिंकतं. माझ्याकडे आधी हलका नॉनस्टिक ग्रिल पॅन होता, त्यात दोन वाट्यांपर्यंत ठीक, चौथी टाकली की चर्र आवाज बंद आणि सगळं वाफेवर शिजायला लागायचं. शिवाय नॉनस्टिक रिकामा एवढा तापवणं बरोबरही नाही, २६० अंशांच्या वर ते कोटिंग खराब व्हायला लागतं. बिडाला तो प्रश्नच नाही, त्याचं वजनच त्याची ताकद आहे.

पण बिडाबद्दल एक गैरसमज सगळीकडे वाचायला मिळतो की ते सगळीकडे सारखं तापतं. नाही तापत! बिडातून उष्णता ॲल्युमिनियमपेक्षा चार-पाच पट कमी वेगाने पसरते, त्यामुळे ज्योत जिथे लागते तिथे लालबुंद व्हायची वेळ येते आणि चारही कोपरे थंड राहतात. पहिल्या पार्टीला मी मोठ्या आचेवर चार मिनिटं तापवला आणि मधल्या दोन वाट्या करपल्या, कोपऱ्यातल्यांवर रेघ सुद्धा उमटली नाही. आता मी मध्यम आचेवर दहा मिनिटं ठेवते, मधे दोनदा पॅन गोल फिरवते, पाण्याचा थेंब टाकला की क्षणात उडून जायला हवा. एकदा असा तापला की मग तो उष्णता धरून ठेवतो, पुढचा अर्धा तास आच कमी-जास्त करायची गरज जवळजवळ पडत नाही. इंडक्शनवर पण चालतो, फक्त कॉइल लहान असेल तर मधोमधच तापतो, मग पंधरा मिनिटं कमी पॉवरवर ठेवायचा, आणि काचेवर ओढायचा नाही, उचलूनच ठेवायचा, तळ खरखरीत आहे.

रेघांबद्दल. माझ्या पॅनच्या रेघा चांगल्या अर्धा सेंमी उंच आहेत आणि विकत घेताना मी एवढंच बघा म्हणेन. चेपलेल्या, कमी उंचीच्या रेघा असतील तर सुटलेलं तेल आणि रस गराला लागतो आणि भाजल्याऐवजी तळल्यासारखं होतं. अवोकाडोची कापलेली बाजू एकदम सपाट असते त्यामुळे सगळ्या रेघा बरोबर टेकतात, वांग्याच्या किंवा चिकनच्या तुकड्यावर कधी एवढ्या स्वच्छ रेघा येत नाहीत. तेल पॅनला लावायचं नाही, फळाला लावायचं, ब्रशने अगदी पातळ. पॅनला लावलं की रेघांच्या मधल्या खाचांत साचून धूर होतो, आणि पाहुणे यायच्या वेळी घरभर धूर म्हणजे सगळा मूडच जातो. रिफाइंड तेल वापरा, न शुद्ध केलेली तेलं लवकर धुरावतात. लिंबू मात्र भाजल्यावरच. आंबट रस तापलेल्या पॅनवर सांडत राहिला तर बिडावरचा जो मुरलेला तेलाचा काळा थर असतो तो निघायला लागतो.

मग कापलेली फळं काळी पडणार नाहीत का? पडतात, गरातलं एक एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून रंग बदलतं, आंबटपणाने ते मंदावतं म्हणून सगळे लिंबू लावतात. मी सोपं केलं, आधी कापूनच ठेवत नाही. सहा वाट्या म्हणजे तीन फळं, पहिला घाणा पॅनवर गेला की पुढची तीन कापायची, तेल लावायचं, तोवर आधीचा घाणा निघतो. कुठेच थांबायला वेळ नाही त्यामुळे काळं पडायलाही वेळ नाही.

फळ निवडणं हा यातला सगळ्यात कठीण भाग आहे आणि पॅन कितीही चांगला असला तरी इथे चुकलं की सगळं चुकलं. पहिल्या वेळी मी आदल्या दिवशी छान मऊ, खायला तयार असलेली फळं आणली. भाकरीवर किंवा टोस्टवर चेपायला तीच हवीत, पण ग्रिलवर ती टिकली नाहीत, उचलताना अर्धा गर रेघांमध्ये अडकून राहिला आणि हातात साल आली. ग्रिलला फळ पाडाला आलेलं हवं, देठाजवळ अंगठ्याने हलकं दाबलं तर किंचित दबेल एवढंच. पूर्ण कडक पण चालत नाही, ते भाजून मऊ होत नाही, रबरासारखं लागतं.

अवोकाडो झाडावर पिकत नाही, तोडल्यावर पिकायला लागतो, आणि आपल्याला यात हा सोयीचा गुण आहे कारण दिवस ठरवता येतो. मी पार्टीच्या चार-पाच दिवस आधी कडक फळं आणते आणि बाहेरच ठेवते. दोन दिवस आधी काही हलचाल दिसली नाही तर कागदी पिशवीत एका केळ्याबरोबर, केळ्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती लवकर पिकतात. हवी तशी झाली की लगेच फ्रीज, तिथे दोन-तीन दिवस त्याच अवस्थेत थांबतात. पाण्यात बुडवून फ्रीजमध्ये ठेवायची ट्रिक फिरते ती करू नका, अमेरिकेच्या एफडीएने (अन्न आणि औषध प्रशासनाने) २०२२ मध्येच सांगितलंय की सालीवर जंतू असतील तर पाण्यात ते वाढू शकतात. आणि याच कारणासाठी, साल खाणार नसलो तरी फळं ब्रशने घासून धुऊन, पुसून कोरडी करायची, कारण सुरी सालीतूनच गरात जाते.

जात शक्यतो हास घ्या, ती खडबडीत सालीची, पिकताना हिरव्याची काळपट जांभळी होणारी. हिची साल जाड असते आणि ती पॅनवर, चिमट्यात, प्लेटमध्ये, सगळीकडे वाटीचा आकार धरून ठेवते. मी एकदा गुळगुळीत पातळ सालीचे मोठे हिरवे अवोकाडो वापरले, चवीला पाणचट होतेच पण चिमट्याने धरलं की साल फाटायची. शिवाय ते पिकले तरी हिरवेच राहतात, रंगावरून काही कळत नाही. हासची एक गोष्ट मला फार आवडते, कॅलिफोर्नियात रुडॉल्फ हास नावाचे एक पोस्टमन होते, त्यांच्या बागेत बियाण्यातून उगवलेलं एक झाड निघालं ज्याचं त्यांनी १९३५ मध्ये पेटंट घेतलं, आणि आज जगात जेवढी म्हणून हासची झाडं आहेत ती सगळी कलमांनी त्या एकाच झाडापासून आलेली. मूळ झाड २००२ मध्ये वाळलं. पार्टीत हे सांगितलं की लोक हातातल्या वाटीकडे जरा वेगळ्या नजरेने बघतात.

कापताना एक कळकळीची विनंती, फळ तळहातावर धरून बीमध्ये सुरी मारू नका. अवोकाडो कापताना हात कापून घेणं एवढं कॉमन आहे की डॉक्टर लोकांत त्याला नावच पडलंय, अवोकाडो हँड. पाटावर ठेवून उभी चीर द्या, पिळून दोन भाग करा, बी चमच्याने उचला. मग पाठीमागून सालीची एक पातळ चकती काढून टाका म्हणजे वाटी प्लेटमध्ये डुगडुगत नाही. फार खोल नाही जायचं, नाहीतर खालून भोक पडतं आणि सगळं भरलेलं गळतं.

आता टेबल. इथे मी पहिल्या वेळी चौदा प्रकार ठेवले होते आणि लोक नुसते बघत उभे राहिले, काय घ्यावं कळेना. तिसऱ्या वेळी आठच ठेवले आणि रांग झपझप पुढे सरकली. बी काढल्यावर जो खळगा असतो त्यात दोन, फार तर तीन चमचे सारण मावतं, त्यामुळे सगळं मक्याच्या दाण्याएवढं बारीक चिरलेलं हवं. ज्याला जास्त भरायचंय त्याने चमचाभर गर कोरून सारणात मिसळायचा.

माझं स्पष्ट मत आहे की मऊवर मऊ घालू नये. अवोकाडो मुळातच लोण्यासारखा, त्यावर मेयोनिज घातलेलं चिकन किंवा क्रीमवालं काहीतरी घातलं की दोन घासांत कंटाळा येतो, आणि इंटरनेटवरच्या निम्म्या रेसिपी नेमक्या तशाच आहेत. वाटीत काहीतरी आंबट हवं आणि काहीतरी कुरकुरीत हवं, बाकी काहीही चालेल. माझ्याकडे दर वेळी सगळ्यात आधी संपलं ते व्हिनेगरमध्ये अर्धा तास मुरवलेला कांदा. त्यानंतर भाजलेल्या भोपळ्याच्या बिया. उकडलेल्या काळ्या बीन्स, मक्याचे दाणे, बिया काढून बारीक चिरलेला टोमॅटो, परतलेले मश्रूम, लसूण लावून भाजलेली कोळंबी, किसलेलं चीज, कोथिंबीर, मिरची, हे सगळं चाललं. टोमॅटोच्या बिया खरंच काढा, नाहीतर वाटीत पाणी साचतं. अख्खं अंडं फोडून घालायची आयडिया सोडून द्या, खळग्यात ते मावत नाही, पांढरं बाहेर वाहतं आणि ते शिजेपर्यंत गर कडू होतो. उकडलेलं अंडं चिरून ठेवलं की काम होतं.

कोळंबी, अंडी, चिकन असं काही असेल तर ते बर्फावर ठेवलेल्या बाऊलमध्ये आणि दोन तासांच्या आत संपवायचं किंवा आत ठेवून द्यायचं. प्रत्येक भांड्याला आपापला चमचा, यावर मी फार कडक आहे. आणि बोलावतानाच ॲलर्जी विचारा, नुसती दाण्यांची किंवा दुधाची नाही. माझ्या एका मैत्रिणीला लेटेक्सची ॲलर्जी आहे, म्हणजे रबरी हातमोजे चालत नाहीत, आणि अशा काही लोकांना अवोकाडो, केळं, किवी यांचाही त्रास होतो. तिने आधी सांगितलं म्हणून बरं. तिच्यासाठी मी मोठ्या मश्रूमच्या टोप्या सगळ्यात आधी, पॅन स्वच्छ असताना भाजल्या, वेगळ्या चिमट्याने, आणि टेबलावर तिने तिचं सगळं पहिल्यांदा घेतलं. मश्रूमच्या टोप्या एवढ्या छान लागल्या की आता मी त्या सगळ्यांसाठीच ठेवते.

आणि आता तो कापलेला मार्क. २६ सेंमीच्या पॅनवर हासच्या सहाच वाट्या बसतात, सात बसवल्या तर उलथनं आत घालायला जागा राहत नाही. एक घाणा म्हणजे तीन मिनिटं भाजणं, मग उचलणं, खाचांतला चिकटलेला गर खरवडणं, पुढच्या ठेवणं, धरून पाच-सहा मिनिटं. माणशी दीड वाटी धरली तर चौदा जणांना एकवीस वाट्या, म्हणजे चार घाणे, साधारण पंचवीस मिनिटं तुम्ही पॅनसमोरून हलू शकत नाही. आधी भाजून ओव्हनमध्ये गरम ठेवू म्हणाल तर नाही होत, मी केलं, वाट्या करड्या पडल्या आणि पुन्हा तो कडवटपणा. भाजल्यापासून दहा-पंधरा मिनिटांत खाल्ली तरच मजा. दुसऱ्या पार्टीत चौदाच्या चौदा जण एकदम प्लेटा घेऊन आले, पहिल्या सहांना मिळालं आणि बाकीचे ताटकळले, मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या वेळी नऊच जण होते आणि भाच्याला सांगितलं की तू टेबल बघ, सहा-सहाच्या गटाने बोलाव, बाकीच्यांना तोवर खायला काहीतरी दे. त्याने इतकं मनापासून सांभाळलं की मला मान वर करून लोकांचे चेहरे बघायला वेळ मिळाला. एकट्याने हा बार करायला जाऊ नका, एक माणूस आगीपाशी आणि एक टेबलापाशी हवाच. आणि फळं हिशोबापेक्षा दोन-तीन जास्त आणा, बाहेरून कितीही बरं दिसलं तरी एखादं आतून काळं निघतंच.

बाकी पॅनबद्दलच्या तक्रारी छोट्या आहेत पण आहेत. वजन जवळजवळ तीन किलो, मनगट दुखणाऱ्यांनी विचार करून घ्या. समोरच्या बाजूला धरायला छोटा कान दिलाय तो चांगला आहे, पण मुख्य दांडा आखूड आहे आणि दहा मिनिटांत हात लावता येत नाही एवढा तापतो, जाड कापड कायम जवळ ठेवा. कोपऱ्यात तेल ओतायला चोच आहे, तिच्यातून ओतलं की ओघळ बाहेरूनच जातो. आणि सीझनिंग, म्हणजे तो मुरलेल्या तेलाचा थर, करून येतो असं पाकिटावर लिहिलेलं असलं तरी तो थर फार पातळ होता, पहिल्यांदा सगळंच चिकटलं. तीन-चार वेळा तेल लावून तापवल्यावर कुठे तो गुळगुळीत झाला, आता चार महिन्यांनी तर वाटी नुसती सरकते.

धुणं कटकटीचं आहे, खोटं कशाला बोलू. रेघांच्या मधे अडकलेला गर थंड झाला की सिमेंट होतो. पॅन कोमट असतानाच गरम पाणी आणि ताठ ब्रश, लागलं तर जाडं मीठ घालून घासायचं. थोडा साबण लावला तरी काही होत नाही, भिजत मात्र ठेवायचा नाही. दुसऱ्या पार्टीनंतर मदत म्हणून कोणीतरी प्रेमाने तो रात्रभर पाण्यात बुडवून ठेवला आणि सकाळी सगळ्या खाचांत गंज. घाबरायचं नाही, तारेच्या घासणीने गंज काढला, गॅसवर कोरडा केला, अगदी पातळ तेल चोळून जास्तीचं पुसून घेतलं आणि ओव्हनमध्ये २३० अंशांवर तासभर उपडा ठेवला, असं दोनदा केलं. पूर्ववत झाला. नॉनस्टिकचं कोटिंग गेलं की पॅन फेकावा लागतो, हा तसा नाही म्हणूनच मला आवडतो.

घ्यावा का? वर्षातून एकदाच करणार असाल तर नका घेऊ, घरात साधा बिडाचा सपाट तवा असेल तर त्यावरही होतं, उलट सगळा पृष्ठभाग टेकल्यामुळे खमंगपणा थोडा जास्तच येतो, फक्त रेघा दिसत नाहीत आणि वाटी सोडवायला पातळ उलथनं लागतं. वरून-खालून दाबणारा इलेक्ट्रिक ग्रिल मात्र नको, वाटी चेपून सपाट होते. कोळशाची शेगडी मिळाली तर चव तिचीच, पण ती उघड्यावरच पेटवायची, आत नाही.

मी स्वतः आता दोन बर्नरवर आडवा बसेल असा लांबट पॅन बघतेय, ज्यावर एका वेळी दहा-बारा वाट्या मावतील, एका बाजूला रेघा आणि उलटल्यावर सपाट. हा चौकोनी देणार नाही कोणाला, तो मश्रूमच्या टोप्यांसाठी वेगळाच राहील, म्हणजे त्या मैत्रिणीला पुढच्या वेळी घाईघाईने पहिलं जेवावं लागणार नाही.